हात लावलेली गाडी

छोटा हत्ती टेम्पो वस्तीकडं वळला तेव्हा छगन मुगाच्या शेंगा तोडत होता. त्याला वाटलं, खताच्या दुकानाचा असेल, जाईल पुढच्या मळ्याला. पण टेम्पो त्याच्याच बांधापाशी येऊन थांबला. मागच्या हौद्यात जावयाची नवी मोटारसायकल दोरानं करकचून बांधलेली, आणि पुढं ड्रायव्हरच्या शेजारी निकिता, मांडीवर बॅग घेऊन.

लेक सासरहून आली की बापाला आनंद व्हावा, अशी रीत आहे. छगनला काही झाला नाही. लेकीला सोडायला जावई येतो, दीर येतो, गेलाबाजार सासरा तरी येतो. सामानाच्या गाडीत बसवून सून कुणी धाडत नाही, निदान पारनेर तालुक्यात तरी नाही.

"जावाईबापू कुठायत?" त्यानं विचारलं.

"शिफ्टला."

"आन गाडी?"

"इंजिन जाम झालंय. परवापास्नं हूं का चूं करंना." एवढं बोलून निकिता खाली उतरली आणि बॅग घेऊन सरळ घरात गेली.

ड्रायव्हरनं फळी लावली. दोघांनी मिळून गाडी उतरवली. भाडं इकडंच घ्यायला सांगितलंय, असं तो दुसरीकडं बघत बोलला. छगननं मुकाट्यानं दिलं. शेजारच्या मळ्यातली झुंबरबाई खुरपं हातात धरून बांधावर उभीच होती. असल्या वेळा त्या बाईला बरोबर सापडतात.

"पंचमीला आली व्हय रं पोरगी?"

"व्हय."

"पंचमी हून गेली की कवाच."

"मंग पोळा करूनच जाईल," छगन म्हणाला आणि गाडी ढकलत गोठ्यात घेऊन गेला.

घरात बनुबाईनं लेकीपुढं पाण्याचा तांब्या ठेवला होता. निकिता पाणी प्याली, तोंड पुसलं आणि मग सांगितलं, अगदी सपाट आवाजात. "सासूबाई म्हनल्या, तुझ्या बापानं खोलून बिघडवली, तर बापाकडनंच नीट करून आन. गाडी चालू झाली की दोघी संगं या."

"दोघी म्हंजे?" बनुबाईनं विचारलं.

"गाडी आन मी."

बनुबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. "आन गाडी न्हाई झाली चालू तर?"

"ते न्हाई बोलल्या त्या," निकिता म्हणाली.

आता ही गाडी आली कुठनं, ते ऐकलं पाहिजे. लग्नात देण्याघेण्याचं काहीच ठरलं नव्हतं. 'आमाला कायबी नको, नारळ आन मुलगी द्या,' असं व्याही हनुमंतराव चारचौघांत छाती पुढं काढून बोलले होते. ज्याला कायबी नको असतं त्याला जन्मभर काही ना काही लागतं, हे छगनसारख्या साध्या माणसाला कोण सांगणार? उन्हाळ्यात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला पुरणाचे धोंडे करून घालायचे, कपडे करायचे, ऐपत असेल तर चांदीचं निरांजन द्यायचं. रतनबाई, म्हणजे निकिताची सासू, फोनवर बनुबाईला हसत हसत म्हणाली, "निरांजन घिऊन का आमच्या रामला शिफ्टला जायचंय? त्यो बिचारा रोज दुसऱ्याच्या गाडीवर लटकून सुप्याला कंपनीत जातो." शहाण्याला शब्दाचा मार. छगननं दुभती गाय विकली, नगरच्या शोरूममधून लालभडक गाडी आणली, तिला झेंडूचा हार घातला आणि पाटावर बसलेल्या जावयाच्या हातात चावी ठेवली. रामच्या तोंडावर असं हसू फुटलं की छगनला गाय विकल्याचं दुःखच राहिलं नाही.

गाडी आणली त्या संध्याकाळी मात्र त्यानं एकट्यानं तिला चाचपून पाहिलं होतं. त्याची स्वतःची मोटारसायकल निकिताच्या जन्माच्या आधीची. तिला आजवर मिस्त्रीचा हात लागलेला नव्हता. ऑइल तोच बदलायचा, प्लग तोच घासायचा, क्लच प्लेटा, चेन, टॅपेट, सगळं लिंबाखाली पोतं अंथरून. छगन एक वेळ बायकोला जेवली का विचारायचा विसरेल, पण ऑइल बदलायचा विसरणार नाही, असं बनुबाई पाव्हण्यारावळ्यांत सांगायची आणि तो हसायचा. अशा माणसानं नव्या गाडीच्या टाकीवर बोट वाजवलं तर रॉकेलच्या डब्याचा आवाज आला. मडगार्ड प्लास्टिकचं, चेनचं कव्हर प्लास्टिकचं, साइड स्टँड तर पायानं दाबला की लवायचा. रंग मात्र असा की तोंड बघून घ्यावं. छगनला वाईट वाटलं. पण द्यायच्या वस्तूला नाव ठेवू नये म्हणून तो बनुबाईलासुद्धा काही बोलला नाही.

मग आखाड आला. जावयाला मटण खायला बोलवायचा तो महिना. राम पोटभर जेवला, बडीशेप तोंडात टाकली आणि ओट्यावर बसून म्हणाला, "मामा, गाडी वरच्या अंगानं टिकटिक वाजतीय. फ्री सर्व्हिसिंगला नगरला बोलवत्यात, पन गेलं की खाडा पडतो. तुमीच बघा की. तुमाला काय अवघड हाय?" निकिता तिथंच भांडी घासत होती. एवढं बोलून जावई आत जाऊन पंख्याखाली आडवा झाला.

जावयानं आपल्याकडं काहीतरी मागितलं, आणि तेही पैसाअडका नाही, हातातली विद्या मागितली, याचं छगनला केवढं अप्रूप वाटलं! पाने काढून तो बसलाच. इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं त्याच्या बोल्टांवर कंपनीनं पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका दिला होता. पाना फिरवला तसा ठिपका मधोमध तुटला. छगनला वाटलं, शोभेचा असेल. टिकटिक करतात ते टॅपेट त्यानं नीट बसवले, ऑइल काळं पडलं होतं म्हणून नवं भरलं आणि गाडी पुसून ठेवली. आवाज बंद झाला. राम झोपून उठला, गाडी सुरू केली आणि म्हणाला, "मामा, मानलं तुमाला." ते ऐकून छगन दोन दिवस हवेत होता.

आणि आता ही गाडी गोठ्यात उभी होती आणि लेक घरात बसली होती.

दुसऱ्या दिवशी पिकअप ठरवून गाडी नगरला नेली. निकिता म्हणाली मीही येते, म्हणून तीही आली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सगळी काच. आत गार हवा, फरशी लखलखीत. छगननं सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या. वॉचमन म्हणाला, "बाबा, घाला चपला, हे देऊळ नाही." तिथं बसलेली पोरं फिस्सकन हसली. छगन चपला घालून आत गेला तर फरशीवर मातीचे ठसे उमटले, आणि लगेच एक बाई फडकं घेऊन त्याच्या मागं पुसत आली. त्याला बसावं की उभं राहावं कळेना.

शिफ्ट सुटल्यावर राम थेट तिथं आला. अंगात सुप्याच्या कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. सासऱ्याला रामराम घातला, बायकोकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं.

सुपरवायझर चांगला बोलणारा माणूस होता. गाडीपाशी वाकला, टॉर्च मारला आणि झाकणाच्या बोल्टावर बोट ठेवलं. "हे कुणी उघडलं?"

छगननं नकळत हात मागं घेतले.

"हा मार्क तुटलाय. म्हणजे बाहेर पाना लागलाय. पहिली सर्व्हिसिंग पण झालेली नाही. कुठल्या गॅरेजला दाखवली होती?"

"गॅरेजला न्हाई, सायेब," छगन म्हणाला. "मीच टॅपेट बसवलं. लई वर्सं करतोय. आवाज येत हुता म्हनून जरा..."

"काका, पण कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

छगननं रामकडं पाहिलं. निकितानंही पाहिलं. सुपरवायझरही मग त्याच्याकडं वळला. "गाडी तुमच्या नावावर आहे ना? तुम्हाला माहीत होतं?"

"मी झोपलो हुतो," राम म्हणाला.

खोटं म्हणावं तर झोपला होताच की. पंख्याखाली, तोंड उघडं टाकून. काहीतरी बोलायला छगननं तोंड उघडलं आणि निकितानं त्याची बाही मागून हळूच ओढली. तो गप्प झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

"मग वॉरंटीत बसत नाही," सुपरवायझर म्हणाला. "पैसे भरून करायचं तर करू. पण पार्ट वरून यायला महिना जाईल, दीड महिनाही जाईल. नंबर लावायचा का?"

दीड महिना लेक माहेरी बसवायची म्हणजे गावानं काय समजायचं ते समजलंच. पोळा जाईल, गणपती जातील, झुंबरबाई रोज बांधावर येईल. छगन म्हणाला, "नको. मी माझी करतो."

"तुम्हीच?" सुपरवायझरनं विचारलं आणि शेजारच्या पोराकडं बघून डोळे मिचकावले.

राम बाहेर आल्यावर पाण्याची बाटली विकत घेऊन उभ्याउभ्या प्याला. बायकोला विचारलं नाही, सासऱ्याला विचारलं नाही. "मामा, लवकर करा पन," तो म्हणाला. "मला रोज लोकांच्या पाया पडावं लागतं, सोडता का म्हनून." मग हात करून एका ओळखीच्याच्या गाडीवर बसला आणि निघून गेला.

परतीच्या वाटेवर निकिता म्हणाली, "नाना, त्येंच्या तोंडाला लागू नका. त्ये घरी जाऊन आईला येकाचं दोन सांगत्यात."

"खोटं बोलला त्यो."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मला तिथं ऱ्हायचंय, नाना."

पुढचे दिवस असे गेले की बनुबाई आणि निकिता उजाडल्यापासून मुगात, आणि छगन गोठ्यात. शेंगा वाळून तडकायला लागल्या होत्या. आभाळ रोज दुपारून भरून यायचं आणि बनुबाईचा जीव खालीवर व्हायचा. भिजल्या शेंगांना जागेवर मोड येतात. दोघी वाकून वाकून तोडायच्या, कंबर धरली की उभं राहून पाठीवर बुक्क्या मारून घ्यायच्या. नव्या सुनेचा हात कसा मेंदीचा असावा, निकिताची बोटं शेंगांनी काळी झाली होती. छगनला ते दिसायचं आणि तो मान खाली घालून पाना फिरवायचा.

एरवी गाडी खोलणं म्हणजे त्याला सणच. पोतं अंथरायचं, नटबोल्ट ताटलीत क्रमानं मांडायचे, डिझेलमध्ये बुडवून ब्रशनं घासायचे. या वेळी हात जड झाले होते. गोचिडांनी हैराण झालेली, उरलेली एकुलती गाय मागं शेपूट आपटायची, शेणाचे शिंतोडे उडायचे, तो परत पुसायचा. बोल्ट इतके मऊ की जरा जोर लावला तर डोकंच गोल व्हायचं. एक बोल्ट आतच तुटला. तो काढता काढता पाना सटकला आणि हाताची सालटी निघाली. छगननं त्या गाडीला आणि ती बनवणाऱ्याला अशा शिव्या घातल्या की मुगातून बनुबाईनं मान वर करून पाहिलं.

इंजिनाच्या तळाला ऑइलची गाळणी असते. ती काढली तर तिच्यात काळ्या प्लास्टिकचे तुकडे अडकलेले. छगन ते हातावर घेऊन उन्हात आला. इंजिनाच्या आत जी बारकी चेन फिरते, तिला ताणून धरायला एक पट्टी असते. ती मोडली होती. तिचे तुकडे खाली गेले, गाळणी बुजली, ऑइल वर चढेना, आणि इंजिन कोरडं फिरून फिरून जाम झालं. त्याच्या जुन्या गाडीत हीच पट्टी लोखंडाची, वर जाड रबर चढवलेलं. ही मात्र निव्वळ प्लास्टिक, नखाएवढी जाड.

"आगं ए, हिकडं या दोघी," त्यानं हाक मारली.

बनुबाईनं पट्टी हातात घेतली, वाकवली. ती आणखी थोडी तुटली. "ह्याच्यानं बिघडली?"

"ह्याच्यानं. माझा काय संबंध? मी वरचं झाकन काढलं हुतं. ह्या पट्टीला तर माझं बोटबी लागलं न्हाई."

"मंग न्या ही. रतनबाईच्या म्होरं आपटा. माझ्या पोरीला टेम्पोत घालून धाडती व्हय!" बनुबाईचा आवाज चढला. एवढे दिवस ती गप्प होती ती का, हे छगनला तेव्हा कळलं. तिलाही आत कुठंतरी वाटत होतं की नवऱ्यानंच काहीतरी करून ठेवलंय.

निकितानं पट्टी नुसती पाहिली. पाटी उचलून परत मुगात गेली.

सुप्याच्या लेथवाल्याकडनं सिलिंडर आतून घासून, बोअर करून आणला, नगरहून पिस्टन आणि पट्टी आणली. पट्टी नवी, पण तीही तशीच, नखाएवढी. दुसरी मिळतच नव्हती. छगननं सगळं जागच्या जागी बसवलं. बटन दाबल्यावर इंजिन पहिल्यांदा फुरफुरलं, मग धरलं. आवाज असा की कान लावून ऐकत बसावा. बनुबाईनं गाडीला हळदकुंकू लावलं. मग छगन चौकडीच्या रुमालात मोडकी पट्टी बांधून, पान्यांची पिशवी खांद्याला लावून, लेकीला मागं बसवून, तीच गाडी घेऊन व्याह्याकडं निघाला. वाटेत त्यानं मनात सगळं जुळवून ठेवलं: आधी पट्टी दाखवायची, मग रामला सगळ्यांदेखत विचारायचं, आखाडाला तुमी काय म्हनला हुता.

व्याह्याच्या अंगणात बैठक भरलेलीच होती. हनुमंतराव खुर्चीवर तंबाखू मळत बसलेले. त्यांचा चुलतभाऊ बजरंग लिंबाला टेकून उभा. याला प्रत्येकाच्या घरातलं बरोबर-चूक सांगायला आवडायचं, स्वतःचं सोडून. रतनबाई पायरीवर तांदूळ निवडत होती. राम मोबाईलमध्ये बघत होता. छगननं गाडी लावली. निकिता उतरली आणि बॅग खांद्याला तशीच ठेवून अंगणाच्या कडेला उभी राहिली. आत जा, असं तिला कुणी म्हणालं नाही. आपल्या घरात आपण होऊन जायला काय झालं होतं तिला? पण तीही हलली नाही.

रामनं गाडीवर एक चक्कर मारली. "चालती," तो म्हणाला.

"चालती ती दिसतीय," हनुमंतराव म्हणाले. "पन बिघडली कशापायी ते कळूं द्या. उद्या परत आसंच झालं तर?"

छगननं रुमाल सोडला. "व्याही, ही बघा. ही आतली पट्टी. प्लास्टिकची हाय, पातळ. ही मोडली आन तुकडं ऑइलच्या वाटंत अडाकलं. माझ्या खोलन्याचा काय संबंध न्हाई त्यात."

बजरंगनं पट्टी घेतली, नखानं खरवडली, हनुमंतरावांकडं दिली. हनुमंतरावांनी रतनबाईकडं. ती ताटातल्या तांदळावर ठेवून रतनबाई म्हणाली, "म्हंजे गाडीच हलकी दिली म्हना की."

"तसं न्हाई..."

"तसंच की," बजरंग म्हणाला. "आतलं सामान आसलं, तर भारी गाडी घ्याची हुती. जावयाच्या जिवाचा सवाल हाय."

"आमी काय मागितली न्हवती गाडी," हनुमंतराव म्हणाले. "द्यायची तर धड द्यावी. हलकी दिली आन वर आमालाच पट्टी दाखिवताय."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली. गाडी वाईट म्हणावी तर देणारा हलका. गाडी चांगली म्हणावी तर बिघडवणारा आपण. आता एकच उरलं होतं, रामला विचारायचं. छगन त्याच्याकडं वळला. राम मोबाईलमधून मान वर काढीना. त्याचा कान मात्र लाल झाला होता. छगनचं लक्ष मग निकिताकडं गेलं. उन्हात उभी राहून तिच्या कपाळावर घाम आला होता, बॅगेचा पट्टा खांद्यात रुतला होता, आणि ती बापाकडं एकटक बघत होती. मान हलवली नाही तिनं, काही नाही. नुसती बघत होती.

"गाडी चांगलीच हाय," छगन म्हणाला. "चूक माझी झाली. मी माझ्या मनानं खोलली. जावाईबापूंना ठावंबी न्हवतं. खोलताना धक्का लागला आसंल पट्टीला."

"आता कसं बोललात," रतनबाई म्हणाली. तिनं पट्टी उचलून अंगणात टाकून दिली. "ये गं, आत ये. हुबी काय ऱ्हायलीस? च्या टाक सगळ्यांना."

निकिता आत गेली.

"कंपनीची गाडी हाय, व्याही," हनुमंतराव आता मोकळं हसले. "तुमच्या जुन्या गाडीवानी रानात खोलून चालत न्हाई. हिथून म्होरं हात लावू नका म्हंजे झालं."

"न्हाई लावत," छगन म्हणाला.

चहा निकितानंच आणला. कप देताना ती खाली वाकली आणि बापालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "नाना, लई बरं केलंत." दिवसभरात जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. छगनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून त्यानं गरम चहा घाईनं पिऊन जीभ भाजून घेतली.

"जा रं, मामाला रोडला सोड," हनुमंतराव म्हणाले. "व्हय आबा," म्हणत राम उठला. छगन त्याच्या मागं बसला. पाझर तलावाचा भराव लागला, घर आड झालं, तशी रामनं गाडी बाभळीखाली घेतली आणि बंद केली.

"मामा, राग मानू नका. आबांचं तुमाला ठावं हाय. पार फाडून खात्यात."

छगन गाडीवरून खाली उतरला.

"मागचा ब्रेक जरा खाली जातोय वाटतं," राम म्हणाला. "घरीच दाखिवला आसता, पन आबा हुते. पाने हायेत न्हवं तुमच्या पिशवीत?"

"शोरूमला न्या."

"तिथं आता फुकाट कोन बघतंय? आन खाडा पडतो." मग तो जरा जवळ आला. "उद्या शनवार हाय. आईनं सांगितलंय, गाडीला शनीचा फेरा हाय, दोघं जाऊन शिंगनापूरला तेल वाहून या. निकी मागं बसनार हाय, मामा. ब्रेक नको का धड?"

छगननं त्याच्याकडं पाहिलं. चोवीस-पंचवीसचं पोर, गालावर नुकती दाट झालेली दाढी, तोंडावर लाज नाही की माज नाही, नुसतं काम काढून घ्यायची घाई. एक सणसणीत कानाखाली द्यावी असं छगनला वाटलं. त्यानं पिशवीतून पाना काढला आणि गुडघे मोडून मातीत बसला.

ब्रेकच्या दांड्याला मागं एक नट असतो. पाना त्यावर ठेवला आणि त्याच्या मनात आडवं आलं. दोन आटे उलटे फिरवले तर ब्रेक धरणार नाही, आणि कुणाच्या बापाला कळणार नाही. वाईट माणूस नव्हता छगन, पण आलं ते मनात आलं. तसाच तो क्षणभर बसून राहिला. मागच्या सीटच्या कडेला शेणाचा वाळलेला शिंतोडा होता, तो त्याला दिसला. उद्या तिथं निकिता बसणार होती, नवी साडी नेसून, एका हातात तेलाची बाटली धरून. छगननं नट व्यवस्थित आवळला, चाक हातानं फिरवून पाहिलं, पायानं ब्रेक दाबून पाहिला, परत फिरवलं, परत दाबलं. मग बाहीनं सीट पुसली.

"झालं?" रामनं विचारलं.

"झालं. हळू चालवा."

"मामा, रोड हितनं जवळच हाय. मी वळतो, शिफ्टची येळ झाली. आन हे घरी कुनाला सांगू नका, मी ब्रेक बघाय लावला म्हनून."

"कुनाला सांगतोय," छगन म्हणाला.

गाडी भरावावरून खाली गेली. आवाज स्वच्छ होता. छगननं चिमूटभर माती घेऊन हातावरचं ग्रीस चोळलं, ते निघालं नाही. तो रोडच्या दिशेनं चालायला लागला. एसटीच्या थांब्यापाशी पोचला तेवढ्यात बनुबाईचा फोन आला.

"घेतलं का पोरीला घरात?"

"घेतलं."

"पट्टी दाखवली?"

"दाखवली."

"मंग? काय म्हनले? खाली घातल्या का न्हाई माना?"

छगननं सांगायला तोंड उघडलं. झाकण काढलं त्या दुपारचं त्याला सगळं आठवत होतं. पाना, पोतं, पिवळा ठिपका. पट्टीला बोट लागलं होतं की नव्हतं, तेवढंच आता नीट आठवेना.

"माझ्याच हातनं झालं आसंल गं," तो म्हणाला.

तिकडं पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बनुबाई म्हणाली, "या घरी. मूग भिजायच्या आत उचलायचाय."